शंभर रोपे आणि एक नळ

एका वाचक भगिनींचे पत्र, थोडक्यात:

‘आमच्या वस्तीच्या मधोमध सुमारे पाचशे चौरस मीटरचा एक भूखंड कित्येक वर्षे पडून आहे. पूर्वी तिथे एक जुनी इमारत होती. ती पाडल्यावर राडारोडा तसाच राहिला, त्यावर झुडपे माजली आणि आता लोक तिथे सर्रास कचरा टाकतात. त्या जागी छोटेसे उद्यान व्हावे म्हणून आम्ही सात शेजारी एकत्र आलो आहोत. एका सद्गृहस्थांनी शंभर रोपे देऊ केली असून लागवडीचा दिवस लवकर ठरवा, असा त्यांचा आग्रह आहे. पण जागेचा मालक नेमका कोण हे आम्हाला ठाऊक नाही; मुलांना खेळायला जागा हवी की वृद्धांना बसायला, यावरून आमच्यातच खटके उडू लागले आहेत; आणि यापूर्वी जवळच एका ठिकाणी लावलेली झाडे वर्षभरात वाळून गेली, ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. सुरुवात कुठून करावी? की एवढ्याशा जागेचा नाद सोडून द्यावा?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात जागेचे मोजमाप आहे, रोपांचा आकडा आहे, लागवडीच्या दिवसाची घाई आहे आणि आपसांतल्या मतभेदांची प्रांजळ कबुलीही आहे. मात्र ‘पाणी’ हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही. उणे काढावे म्हणून मी हे सांगत नाही. उद्यानाचे स्वप्न पाहताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे झाडे येतात, बादली येत नाही, आणि म्हणूनच तुम्ही उल्लेख केलेल्या जागेची जी गत झाली तीच अनेक जागांची होते. आपण नुसता हिशेब करून पाहू. नव्याने लावलेल्या रोपाला कोरड्या दिवसांत एका खेपेला पंधरा लिटर, म्हणजे एक बादली पाणी धरले, तर शंभर रोपांना शंभर बादल्या लागतात. तुम्ही सात जण आहात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चौदा-पंधरा बादल्या येतात. आणि हे आठवड्यातून दोनदा, निदान पहिली दोन वर्षे करायचे आहे, कारण मुळे आजूबाजूच्या मातीत पसरून रोप स्वतःच्या बळावर उभे राहीपर्यंत साधारण तेवढा काळ जातो. एकदा भरलेली बादली घेऊन सर्वांत जवळच्या नळापासून त्या भूखंडाच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालून पाहा. शंभर हा आकडा केवढा आहे, ते बोटांना लगेच कळेल.

तेव्हा सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की ती सांभाळण्यापासून करावी. सात जणांना नेटाने सांभाळता येईल तेवढेच आधी उभारावे आणि सांभाळणारे हात वाढतील तसे उद्यान वाढू द्यावे. पुढचे सारे मी याच एका हिशेबाने लिहीत आहे.

जागा लहान असल्याची खंत आधी मनातून काढून टाका. न्यू यॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ऐन गजबजाटात, इमारतींच्या बेचक्यात, १९६७ साली खुले झालेले पेली पार्क जेमतेम ३९० चौरस मीटरचे आहे, म्हणजे तुमच्या भूखंडाहूनही लहान. तिथे हिरवळ नाही आणि खेळणीही नाहीत. मागच्या भिंतीवरून कोसळणारे पाणी, डोक्यावर विरळ सावली धरणारी थोडी झाडे आणि हव्या तशा सरकवता येणाऱ्या सुट्या खुर्च्या, एवढाच त्याचा संसार आहे. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने त्या शहरातल्या अशा लहान सार्वजनिक जागांचे चित्रीकरण करून बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा लोक तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते, हा त्याचा मुख्य निष्कर्ष निघाला. ऐकायला हे अगदीच बाळबोध वाटते. पण डोळे उघडे ठेवून हिंडलात तर बसायलाच जागा नसलेली किती उद्याने आपण बांधून ठेवली आहेत, हे तुमच्याही ध्यानात येईल. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्यापूर्वी ती किंचित सरकवतो, कित्येकदा काहीच कारण नसताना, हेही त्याने टिपले होते. त्या किंचित सरकवण्यात ‘ही जागा आता माझी’ असा एक भाव असतो, आणि उद्यान टिकते ते अशाच भावावर, असे माझे मत आहे.

आता मालकीकडे वळू. पडीक जागा कुणाचीच नसल्यासारखी दिसते, पण कागदोपत्री ती नेहमीच कुणाची तरी असते: कधी वारसांच्या वादात अडकलेली, कधी कर थकल्यामुळे जप्तीच्या वाटेवर असलेली, कधी एखाद्या संस्थेच्या दप्तरात विस्मरणात गेलेली. जमिनीच्या सरकारी नोंदी पाहून मालकाचे नाव काढा आणि त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. मालक भला असला तर ‘करा की, माझी काय हरकत आहे’ असे तोंडी म्हणेल आणि तुम्हालाही कागद पुढे करणे अवघड वाटेल, तरीही करा. परवानगी किती वर्षांसाठी आहे, जागा परत हवी असल्यास किती आधी कळवावे लागेल, पाण्याची जोडणी कोण घेईल, तिथे एखाद्याला दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची आणि तुम्ही आणलेल्या वस्तू जाताना नेता येतील की नाही, एवढ्या पाच गोष्टी त्या कागदावर असल्या म्हणजे पुरे. तो कागद सात जणांच्या वतीने कुणी एकट्याने स्वतःच्या नावावर करून घेऊ नये. त्यासाठी तुमचे छोटेसे नोंदणीकृत मंडळ असेल तर उत्तम. नसेल तर स्थानिक प्रशासनाला करारात सामील करून घेता येते का, ते विचारा.

कागदाचे महत्त्व पटवायला एकच उदाहरण देतो. १९७३ साली न्यू यॉर्कमध्येच लिझ क्रिस्टी या चित्रकार तरुणीने आणि तिच्या ‘ग्रीन गुरिलाज’ या गटाने एका कोपऱ्यावरच्या पडीक, राडारोड्याने भरलेल्या भूखंडावर बाग करायला घेतली. त्यांनी मलबा उपसला, माती आणून घातली, कुंपण घातले आणि भाज्यांचे साठ उंच वाफे केले. पुढच्याच वर्षी शहर प्रशासनाने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने रीतसर दिली आणि ती बाग आजही आहे. पाहता पाहता शहरभर अशा शेकडो बागा उभ्या राहिल्या. पण त्यांपैकी अनेकींच्या पायाखालची जमीन तात्पुरत्या परवान्यावर होती. १९९९ साली प्रशासनाने शंभराहून अधिक बागांचे भूखंड लिलावात काढायचे ठरवले, तेव्हा वीस-पंचवीस वर्षांची मेहनत एका दिवसात जाण्याची वेळ आली होती. मोठी निदर्शने झाली आणि अखेर दोन बिगरसरकारी संस्थांनी ते भूखंड विकत घेऊन बागा वाचवल्या. असा तारणहार प्रत्येकाला भेटत नाही. म्हणून तुमच्या परवानगीची मुदत पाच वर्षांहून कमी असेल, तर जे उचलून नेता येईल तेच उभारा: लाकडी चौकटीतले वाफे, सुट्या खुर्च्या, मोठ्या कुंड्यांतली झाडे. वीस वर्षांनी सावली देणारा वृक्ष दोन वर्षांच्या परवानगीवर लावू नये.

मालकाचा शोध लागेपर्यंतचा वेळ वाया जाणारा नाही. या काळात एक वही घाला आणि महिनाभर त्या जागेकडे नुसते पाहा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री, कामाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशी, तिथे कोण येते, कुठून शिरते आणि काय करते याची दोन ओळींत नोंद करा. ऊन कुठे किती वेळ असते आणि शेजारच्या भिंतीची सावली कुठपर्यंत पोहोचते, तेही लिहा. मोठा पाऊस झाल्यावर पाणी कुठे साचते, ते त्याच दिवशी जाऊन पाहा. रिकामी म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो ती जागा सहसा रिकामी नसते. झुडपांतून तिरकी गेलेली पायवाट म्हणजे कुणीतरी रोज जवळचा रस्ता म्हणून तिथून जातो, याची मातीवरची नोंदच असते, आणि उद्यानाचा नकाशा काढताना ती वाट मोडून काटकोनातली फरशी घातलीत तर लोक महिन्याभरात हिरवळ तुडवून पुन्हा तीच वाट पाडतील. तिथे दुपारी पडून राहणारा एखादा माणूस असेल किंवा संध्याकाळी जमणारे चार तरुण असतील, त्यांच्याशी बोला. त्यांना हुसकावून लावण्याच्या बेताने सुरू झालेले उद्यान पहिल्या दिवसापासून वैर घेऊन उभे राहते, उलट विश्वासात घेतलेला असा माणूस अनेकदा त्या जागेचा सर्वांत चांगला राखणदार ठरतो.

परवानगी हाती आल्यावर पहिले काम सफाईचे. ते सगळ्यांना दिसते, त्यामुळे मदतीलाही माणसे येतात. पण तेवढ्यावर थांबू नका, आणि हे मी केवळ अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंडांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने भूखंडांचे तीन गट पाडले गेले: काहींवर हिरवळ आणि झाडे लावली, काहींची केवळ सफाई केली आणि काही होते तसेच ठेवले. ज्यांच्या घराजवळचे भूखंड हिरवे झाले, त्या रहिवाशांमध्ये उदास वाटत असल्याचे सांगण्याचे प्रमाण काहीच न केलेल्या गटाच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले. केवळ सफाई झालेल्या ठिकाणी मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आता ते हिरवे करणे म्हणजे नेमके काय होते, ते पाहा. कचरा काढला, जमीन सारखी केली, गवत पेरले, मोजकी झाडे लावली, सभोवती लाकडी खांबांचे बुटके, ये-जा करायला वाट ठेवलेले कुंपण घातले आणि त्यानंतर नियमित देखभाल ठेवली. कारंजे नव्हते, पुतळा नव्हता, उद्घाटनाची कोनशिलाही नव्हती. मला त्यातले ते बुटके कुंपण फार अर्थपूर्ण वाटते, कारण ते कुणालाही अडवत नाही, पण या जागेला विचारणारे कुणीतरी आहे, एवढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कचरा टाकणारा हात थबकतो तो एवढ्याशा जाणिवेने.

तुमच्या जागेवर पूर्वी इमारत होती, हे तुम्ही लिहिले ते बरे केले, कारण त्यामुळे मातीचा प्रश्न सर्वांत गंभीर ठरतो. पाडलेल्या इमारतीखालची जमीन यंत्रांच्या वजनाने दाबली गेलेली असते आणि तिच्यात विटा, चुना आणि काँक्रीटचे तुकडे मिसळलेले असतात. पोलादी पहार घेऊन आठ-दहा ठिकाणी जमिनीत घालून पाहा. ती वीतभर जाऊन खणकन थांबत असेल, तर झाडाची मुळेही तिथेच थांबणार. खणण्याआधी जमिनीखालून पाण्याची, गॅसची किंवा विजेची वाहिनी जात नाही ना, याची संबंधित खात्यांकडे खातरजमा करा. हा सल्ला कंटाळवाणा आहे, पण तो वगळता येत नाही.

मग एक साधी परीक्षा करा. तीस सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणून त्यात काठोकाठ पाणी ओता आणि ते एकदा पूर्ण जिरू द्या. मग तो पुन्हा भरा, खड्ड्यात एक पट्टी उभी खोचा आणि बाजूला बसून राहा. पहिल्या दहा मिनिटांत काहीच घडत नाहीसे वाटते. कडेची माती सुटून पाणी गढूळ होते, दोन-चार बुडबुडे येतात, आणि मग पट्टीवरची ओली रेघ पाण्याच्या वर दिसू लागते. ताशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी उतरत असेल तर निचरा चालण्याजोगा आहे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी तसेच असेल, तर त्या ठिकाणी झाड लावणे म्हणजे त्याला तबकात उभे करून बुडवणे होय. तिथे माती खोलवर भुसभुशीत करून कंपोस्ट मिसळावे लागेल, नाहीतर उंच वाफे करून वरच्या वर लागवड करावी लागेल. याच वेळी मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून शिशाची तपासणी जरूर करून घ्या. जुन्या रंगांत शिसे असे, पेट्रोलमध्येही ते दीर्घकाळ मिसळले जात असे, आणि ते मातीत पडले की आपणहून नाहीसे होत नाही. लहान मुले मातीचे हात तोंडात घालतात, आणि मुलांच्या शरीरात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे सांगता येत नाही. प्रमाण जास्त निघाले म्हणून बेत सोडायचे कारण नाही. जमीन पाणी झिरपू देणाऱ्या कापडाने झाकून वर स्वच्छ मातीचा जाड थर देणे, हिरवळीने किंवा आच्छादनाने उघडी माती झाकणे आणि खाण्याच्या भाज्या केवळ उंच वाफ्यांत घेणे, हे उपाय आहेत. पण आधी कळले पाहिजे.

लागवडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण रोपवाटिकेतला जाणता माणूस तुम्हाला याहून चांगले सांगेल. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, पण गोळ्याच्या उंचीहून खोल नसावा, कारण खोड जिथे मुळांकडे रुंदावते तो भाग मातीत पुरला गेला तर झाड काही वर्षांनी कुजू लागते. आळ्यात पालापाचोळ्याचे सात-आठ सेंटिमीटर जाड आच्छादन घाला, मात्र ते खोडाला टेकू देऊ नका. रोपे लहानच घ्या. मोठे झाड आणून लावले की छायाचित्र चांगले येते, पण मुळे तोडून आणलेल्या त्या झाडाला सावरायला वर्षे लागतात आणि तोवर लहान रोप त्याला अनेकदा गाठते. हिरवळ थोडकीच ठेवा, कारण सगळ्या लागवडीत सर्वांत जास्त निगा तीच मागते.

तुमच्यातल्या खटक्यांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण उद्याने पाण्यावाचून मरतात तशीच ती भांडणांनीही मरतात. मुले की वृद्ध, हा प्रश्नच मुळात चुकीच्या पद्धतीने मांडला गेला आहे, असे मला वाटते. जेन जेकब्ज या विदुषींनी १९६१ साली शहरांविषयी लिहिताना दाखवून दिले होते की, जिवंत राहणारे उद्यान तेच, जिथे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या कारणांनी येतात. एकाच प्रकारच्या लोकांसाठी केलेली जागा उरलेला दिवस ओस पडते आणि ओस पडलेल्या जागेची भीती वाटू लागते. तुमच्या वहीतल्या नोंदी इथे कामी येतील. वृद्ध पहाटे आणि उन्हे उतरताना येतात, मुले शाळा सुटल्यावर येतात, तान्ह्या बाळांचे आईवडील मधल्या वेळेत येतात. जागा एक असली तरी वेळा अनेक आहेत, हे एकदा कागदावर दिसले की निम्मे भांडण संपते. उरलेल्या निम्म्यासाठी सगळ्यांना भूखंडावर बोलवा आणि चुन्याच्या फकीने जमिनीवर प्रत्यक्ष आखणी करा: इथे बाक, इथे वाळूचा हौद, इथून वाट. कागदावरच्या नकाशावर तावातावाने भांडणारी माणसे पायाखालच्या रेघेवर समजुतीने बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. रेघ चुकली तर पायाने पुसून दुसरी मारता येते.

खेळण्यांसाठी महागड्या यंत्रांचा कॅटलॉग मागवू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुकाराने १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली, आणि त्यांतली कितीतरी पडीक किंवा इमारती पाडल्याने मोकळ्या झालेल्या भूखंडांवर होती. वाळूचा हौद, उड्या मारायला काँक्रीटचे गोल ठोकळे, कोलांट्या घ्यायला लोखंडी दांड्या, कडेला बाक आणि झाडे, यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. गोल ठोकळ्याचा उपयोग काय, हे वस्तू सांगत नाही, मूल ठरवते. आणि मूल घरी गेल्यावर त्याच ठोकळ्यावर आजोबा टेकतात. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेनसेन यांनी तर, मुले सजवलेल्या क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या ढिगाऱ्यात जास्त रमतात हे पाहून, लाकडाच्या फळ्या आणि टाकाऊ सामानाचे मैदानच मुलांना द्यावे असे सुचवले, आणि १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रप इथे ते प्रत्यक्षात आले. तुम्ही तेवढ्या टोकाला जावे असे मी म्हणत नाही. पण एका कोपऱ्यात माती, पाणी आणि चार ओंडके मुलांच्या हवाली केलेत तर बाकीच्या उद्यानाला त्यांचा त्रास कमी होईल, हे मात्र नक्की.

बाकांच्या बाबतीत स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कामात मी होतो. एका देणगीदारांनी सुरेख दगडी बाक दिला आणि त्याच्या पाठीवर त्यांच्या वडिलांचे नाव कोरलेले होते. ते नाव रस्त्यावरून वाचता यावे म्हणून आम्ही बाकाची पाठ रस्त्याकडे आणि तोंड समोरच्या कोऱ्या भिंतीकडे करून तो सिमेंटमध्ये पक्का बसवला. नाव सगळ्यांनी वाचले, बाकावर मात्र कुणी बसेना. बसणाऱ्याला समोर हातभर अंतरावर ओल आलेली भिंत दिसे आणि मुलांचा खेळ पाहायचा तर मान वळवावी लागे. आठ महिन्यांनी आम्ही दोन दिवस छिन्नी-हातोडा चालवून तो उखडला आणि फिरवून पुन्हा बसवला. त्याच संध्याकाळी त्यावर जागा मिळेना. त्यामुळे बाक कडेला, पाठीशी भिंत किंवा झुडूप आणि समोर माणसांची वर्दळ, असाच ठेवा. त्याची उंची चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर असावी आणि निदान दोन बाकांना तरी हात असावेत, कारण वृद्ध माणूस बसू सहज शकतो, अडचण उठताना येते. वाट दीड मीटर रुंद, घट्ट, फार चढ नसलेली आणि पायरीविरहित ठेवलीत, तर चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी दोन्ही जातील. झुडपे कमरेच्या खाली आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर राखा, म्हणजे रस्त्यावरून आतले आणि आतून रस्त्यावरचे दिसत राहील; सुरक्षिततेला यासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही.

राहता राहिली देखभाल, जिच्यापासून मी सुरुवात केली होती. सात जणांची पाळी लावा आणि ती वस्तीत सगळ्यांना दिसेल अशा फलकावर लिहा. कामे मोठ्या शब्दांत लिहू नका. ‘परिसर स्वच्छता’ असे लिहिले तर ते कुणाचेच काम नसते. ‘मंगळवारी कचऱ्याचा डबा रिकामा करणे’ असे लिहिले तर ते एका माणसाचे असते. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामायिक जंगले, कुरणे आणि पाणी लोक स्वतःच कसे टिकवतात याच्या अभ्यासासाठी. त्यांना आढळलेल्या गोष्टींपैकी दोन तुमच्या उपयोगाच्या आहेत: नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असावेत, आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्या खेपेला सौम्य, मग चढती शिक्षा असावी. पाळी चुकवणाऱ्याला पहिल्याच वेळी बैठकीत सर्वांसमोर सुनावलेत तर पुढच्या पाळीला तुम्ही सहाच उराल. त्याच्या दारावर आठवणीची चिठ्ठी डकवणे सुरुवातीला पुरे होते. पैशांचेही तसेच आहे. जमलेली सगळी वर्गणी उभारणीत घालू नका. निदान पहिल्या दोन वर्षांच्या निगेचा खर्च वेगळा काढून ठेवल्याशिवाय एकही बाक विकत घेऊ नका. फुटलेला नळ आणि मोडलेली फळी आठवडाभरात दुरुस्त झाली तर लोक जागेला जपतात. तीच महिनाभर तशी राहिली, तर पहिला कचरा नेमका तिच्याशेजारी पडतो.

यात एक धोकाही सांगून ठेवतो. अशा गटात वर्षभरात दोन माणसे गळतात, एकाची बदली होते आणि उरलेले काम कुणातरी एकाच्या गळ्यात पडते. तुमच्या पत्राचा सूर पाहता ती व्यक्ती तुम्हीच असाल, अशी मला शंका आहे. म्हणून सात जण असतानाच आठव्याला आणि नवव्याला शोधा, आणि शक्यतो ती माणसे तुमच्या वयाची व तुमच्या घरोब्यातली नसावीत. रोज त्या तिरक्या वाटेने जाणारा माणूस कोण, ते तुमच्या वहीतून एव्हाना कळले असेल. त्याला विचारा.

आता त्या सद्गृहस्थांविषयी. त्यांना नाराज करू नका, कारण देण्याची इच्छा असलेला माणूस दुर्मीळ असतो. त्यांना भूखंडावर बोलवा, पहारीची आणि खड्ड्यातल्या पाण्याची परीक्षा त्यांच्या देखत करा आणि शंभर बादल्यांचा हिशेब त्यांनाच मांडू द्या. मग विनंती करा, की या वर्षी रोपे दहाच द्यावीत आणि उरलेल्या नव्वदांच्या खर्चात पाण्याची जोडणी, एक नळ आणि भूखंडाच्या टोकापर्यंत पोहोचेल एवढी रबरी नळी घेऊन द्यावी. त्यांना आपल्या नावाची पाटी हवी असेल तर ती नळाच्या वरच लावा. उद्यानात येणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी तिथे हात धुवायला थांबेल आणि ती वाचेल.

तुमचा,
सदरलेखक